देवालयातील आग आणि तिचे इंधन



गतवर्षी शारदीय नवरात्रात आपल्या कोठीघरात एक लहानसा प्रसंग घडला. समया पुसण्याची तेलकट फडकी एका टोपलीत भरून ती टोपली विजेच्या बोर्डाखाली ठेवलेली होती. रोषणाईच्या वायरचा सैल जोड ठिणग्या टाकू लागला आणि फडक्यांनी पेट घेतला. सेवेकऱ्याने वेळीच पाहिले, म्हणून दोन सतरंज्या व भिंतीचा रंग एवढ्यावरच निभावले. पुढील बैठकीत बहुतेकांचा रोष विजेवर होता. आम्हांस मात्र ती टोपली अधिक खटकली.

आग लागण्यास उष्णता, प्राणवायू व इंधन हे तिन्ही एकत्र यावे लागतात. देवालयातून ज्योत हद्दपार करता येत नाही; नंदादीप अखंड तेवणारच. हवा तर सर्वत्र आहे. उरले इंधन, आणि ते ज्योतीपासून दूर ठेवणे तेवढे आपल्या हाती आहे. अडचण अशी की इंधन म्हटले की आपणांस गॅस व रॉकेल आठवते; गुलाल आठवत नाही.

२५ मार्च २०२४ रोजी, धूलिवंदनाच्या पहाटे, उज्जैन येथे श्रीमहाकालेश्वराच्या गर्भगृहात भस्मारती चालू असता गुलाल उधळला गेला. तो पेटत्या कापरावर पडून भडका उडाला. पुजारी व सेवेकरी मिळून १४ जण भाजले. त्यांतील एका वृद्ध सेवकाचे पुढे उपचार चालू असता निधन झाले. बाजारातील पुष्कळसा गुलाल मक्याच्या पिठीला रंग देऊन केलेला असतो. ही पिठी पोत्यात असताना सहसा पेटत नाही, परंतु हवेत उधळली की तिच्या कणाकणाला प्राणवायू मिळतो आणि सारा ढग एकदम पेटतो. तैवानमध्ये २७ जून २०१५ रोजी एका जलक्रीडा उद्यानातील कार्यक्रमात अशाच रंगीत पिठीचा ढग पेटून १५ जण मृत्युमुखी पडले व चारशेहून अधिक भाजले. या कारणास्तव आपल्या गर्भगृहात व सभामंडपात गुलाल उधळणे बंद केले आहे. देवास तो चिमूटभर वाहावा. उधळण बाहेरच्या पटांगणात व्हावी. काही ज्येष्ठ मंडळींस हे रुचलेले नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

महाप्रसादाच्या स्वयंपाकघराविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. गळती झाल्यास तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो, आणि आपल्या भट्ट्याही जमिनीवरच आहेत. त्यामुळे केवळ वरच्या खिडक्या पुरत नाहीत. खालच्या बाजूस जाळी हवी. ती बसवून घेतली आहे व १९ किलोची सिलिंडरे भिंतीपलीकडे हलविली आहेत. वास आल्यास दिव्याचे बटण लावूही नये, बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे उघडावीत, बाहेर यावे व १९०६ या क्रमांकावर कळवावे. कढईतील तेल पेटल्यास त्यावर कदापि पाणी ओतू नये. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होते व पेटते तेल चहूकडे उडविते. गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवावे आणि कढई थंड होईपर्यंत ते काढू नये.

पालखीच्या लाकडास आपण जवसाचे तेल लावतो. हे तेल वाळताना प्राणवायू शोषून घेते व उष्णता सोडते. बोळा करून टाकलेल्या फडक्यांत ती उष्णता कोंडते, आणि काही तासांनी कोणी काडी न ओढताही फडकी पेटू शकतात. ती मोकळ्या जागी पसरून वाळवावीत.

थर्माकोलची मखरे, जुन्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे व अर्पण केलेली वस्त्रे कोठीघरातून काढण्याचे काम चालू आहे. कापूर मात्र भाविकांनी घरून डबे भरभरून आणू नये, ही विनंती; आरतीपुरता देवस्थानातर्फे दिला जातो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळच्या आरतीनंतर पटांगणात अग्निशामक यंत्र हाताळण्याचे प्रात्यक्षिक होते. पुजारी, आचारी व सेवेकरी यांनी पाळीपाळीने उपस्थित राहावे. ज्या भगिनी प्रसादाच्या रांधणीस येतात, त्यांनीही अवश्य यावे. यंत्र उचलण्यास जड वाटल्यास लहान आकाराचे ठेवलेले आहे.