चीजला तेल का सुटत नाही?

मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांत भिशी, वाढदिवस किंवा पॉटलक ठरलं की मेनूत एक नाव हमखास येतं: बेक्ड डिश. आत काय आहे ते कुणी विचारत नाही. तळाशी उकडलेले बटाटे, त्यावर व्हाइट सॉस, हौस असली तर मक्याचे दाणे नि सिमला मिरची, आणि सगळ्यात वर किसलेल्या चीजचा थर. ट्रे बी विंगमध्ये भाजला जातो, फॉइल लावून लिफ्टने गच्चीवर जातो. रविवारी मेगाब्लॉक असला तर बोरिवली-अंधेरीची मंडळी तासभर उशिरा उगवतात. तोवर पुऱ्या वातड होतात, भजी मऊ पडतात. हा ट्रे मात्र शांत असतो. इतका शांत की पहिल्या घासाला जीभ भाजते.

जीभ भाजते ती मैद्यामुळे. पातळ आमटी निवताना वरचं गार पाणी खाली जातं, खालचं गरम वर येतं, आणि या फिरण्यात उष्णता भराभर निसटते. व्हाइट सॉसमध्ये मैद्याच्या फुगलेल्या कणांनी दूध जागच्या जागी धरून ठेवलेलं असतं. काहीच फिरत नाही, म्हणून वरून निवल्यासारखा दिसणारा सॉस आत धगधगत राहतो.

बटाट्याचंही थोडं असंच. त्याच्या पेशींत स्टार्चचे कण भरलेले असतात. साधारण 60 अंशांच्या पुढे ते पाणी पिऊन फुगतात, पण पेशी शाबूत असेपर्यंत आतच राहतात. म्हणून उकडलेला बटाटा हाताने कुस्करला तर मोकळा, रवाळ लागतो. तोच मिक्सरमध्ये फिरवला की पेशी फाटतात, स्टार्च बाहेर पडतो आणि पतंग चिकटवायची खळ तयार होते. सॉसमध्ये टोमॅटो घालायचा असेल तर बटाटे आधी नीट उकडून घ्यावेत. आंबट पाण्यात पेशींना जोडणारं पेक्टिन सुटत नाही आणि बटाटा अर्धा तास भाजूनही आडमुठा राहतो.

पण खरी करामत वरच्या थराची. विलायती, मुरवलेलं, महागडं चेडर आणून या ट्रेवर पसरून बघा. ते वितळताना बऱ्याचदा फुटतं: खाली रबरी गोळे आणि वर पिवळ्या तेलाची तळी. आपलं साधं प्रोसेस्ड चीज, ज्याला जाणकार मंडळी नाकं मुरडतात, तेच मात्र एकजीव, लुसलुशीत पसरतं. एवढ्यापुरतं मी नाकं मुरडणाऱ्यांच्या बाजूने नाही.

दुधातलं मुख्य प्रथिन केसीन. चीजमध्ये केसीनचे रेणू कॅल्शियममुळे एकमेकांना घट्ट जखडलेले असतात, आणि त्या जाळ्यात स्निग्धांशाचे थेंब अडकलेले असतात. ताप मिळाला की जाळं आक्रसतं आणि थेंब बाहेर पिळले जातात. तेच ते तेल. 1911 साली स्वित्झर्लंडमधल्या थून गावात वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी किसलेल्या चीजमध्ये सोडियम सायट्रेट घालून ते तापवलं. सायट्रेट कॅल्शियमला पकडून बाजूला नेतं. सुटं झालेलं केसीन पाण्यात पसरतं, आणि त्याला पाणीही आवडतं, तूपही आवडतं. त्यामुळे ते प्रत्येक थेंबाभोवती पातळ अस्तर धरतं. थेंब एकमेकांना भेटतच नाहीत, मग तेल सुटणार कुठून? प्रोसेस्ड चीजच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचली तर सोडियम सायट्रेट हे नाव किंवा 331 हा आकडा बहुधा सापडतो.

आता गंमत बघा. रक्त गोठण्यासाठीही कॅल्शियम लागतं. 1914 साली बेल्जियममध्ये अल्बेर उस्टँ आणि अर्जेंटिनात लुईस अगोते यांनी दात्याच्या रक्तात हेच सायट्रेट मिसळलं. ते गोठलं नाही, आणि दाता रुग्णाशेजारी आडवा नसतानाही रक्त देता येऊ लागलं. गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर लागतं तेव्हा त्या पिशवीत जे काम चाललेलं असतं, तेच काम संध्याकाळी त्याच हॉलमध्ये ठेवलेल्या ट्रेत चाललेलं असतं!

आणि हे रसायन आणायला कुठे जावंही लागत नाही. घाटकोपरच्या कुठल्याही गुजराती स्वयंपाकघरात ढोकळ्यासाठी लिंबूफूल आणि खायचा सोडा असतो. वजनाने साधारण पाच भाग लिंबूफूल नि सहा भाग सोडा पाण्यात एकत्र केले की जोरात फसफसतं. फेस बसल्यावर पाण्यात उरतं ते सोडियम सायट्रेट. महाग चेडर वाया जाऊ द्यायचं नसेल तर त्याच्या वजनाच्या दोन-तीन टक्के सायट्रेट कोमट दुधात विरघळवून त्यात चीज मंद आचेवर हलवावं. फुटणारं चीज गुमान सॉस होतं.

उपनगरात चीज एवढं मुरलं कसं, याचं एक टोक मुंबईच्या दुधात आहे. 1946 साली स्थापन झालेला खेडा जिल्ह्याचा दूध संघ, म्हणजे पुढचा अमूल, मुंबईच्या सरकारी योजनेला दूध पाठवायचा. म्हशी हिवाळ्यात भरपूर दूध देतात, आणि तेवढं सगळं दूध मुंबईला नको असे. उरलेल्याचं करायचं काय? म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते; संघाच्याच एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. 1955 साली आणंदला कारखाना उभा राहिला. आधी पावडर आणि लोणी, पुढे म्हशीच्याच दुधाचं चीज. मुंबईने नको म्हटलेलं दूध वेगळ्या रूपात मुंबईलाच परत आलं, आणि आज घाटकोपर पूर्वेच्या वल्लभबाग लेनच्या खाऊगल्लीत डोशावर, सँडविचवर, पावभाजीवर त्याचा अक्षरशः पाऊस पडतो.

आता परत ट्रेकडे. वरच्या तपकिरी सालीमागची क्रिया 1912 साली लुई कामीय मेयार या फ्रेंच संशोधकाने मांडली. साखर आणि प्रथिनं 140 अंशांच्या आसपास भिडली की तो खमंग रंग येतो. आतला भाग ओला, म्हणून शंभरच्या वर जात नाही. वरचा थर सुकतो आणि पुढे जातो. एकाच ट्रेत दोन हवामानं. ओटीजी यायच्या आधी घरोघरी काचेची खिडकी असलेला अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन असायचा. त्याच्या झाकणातल्या कॉइलची धग थेट वरून येई, आणि केक करपवणारा तो ओव्हन या डिशला मात्र भलताच मानवे.

अमेरिकेतल्या युटामध्ये चीज-बटाट्याचा असाच ट्रे मॉर्मन समाजातल्या बाया दुःखाच्या घरी अंत्यविधीनंतरच्या जेवणाला नेतात. त्याचं नावच 'फ्युनरल पोटॅटोज', आणि 2002च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये त्याचा बिल्लासुद्धा निघाला होता. आपल्याकडे अशा घरी शेजारून पिठलं-भात जातो. दाट पिठलंही बराच वेळ गरम राहतं, कारण तेच: पिठाने धरून ठेवलेलं पाणी.

मुलुंडला मात्र एकाच टेबलावर दोन ट्रे लागतात. दुसऱ्यावर 'जैन' अशी चिठ्ठी. त्यात बटाट्याच्या जागी कच्ची केळी, कांदा-लसूण नाही, चव सगळी मिरपूड नि जायफळावर. कच्च्या केळ्यातही स्टार्च भरपूर, म्हणून सॉस, चीज, ओव्हनची वेळ सारं तसंच चालतं. फक्त कापलेली केळी काळी पडतात, तेव्हा ती चिरल्या चिरल्या लिंबाच्या पाण्यात टाकायची, आणि पहिल्या ट्रेचा चमचा दुसऱ्यात जाऊ द्यायचा नाही.