पोस्टग्रेसच्या अपग्रेडची पंधरा वर्षं

२०१०च्या आधी पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलायची म्हणजे जुन्या सर्व्हरमधला डेटा डम्प करायचा आणि नव्यात पुन्हा भरायचा. डेटाबेस शेकडो जीबींचा असला की इंडेक्स बांधण्यातच रात्र सरायची, आणि तोवर ॲप्लिकेशन बंद. ज्यांना हे परवडत नव्हतं ते स्लोनीचं ट्रिगरवरचं रेप्लिकेशन वापरायचे. ते चालायचं, पण सांभाळायला फार जिकिरीचं होतं.

सप्टेंबर २०१०मध्ये ९.० आली आणि तिच्यासोबत पीजी_अपग्रेड. आवृत्ती बदलली तरी टेबलांच्या फायलींची मांडणी सहसा तीच राहते, बदलतो तो सिस्टिम कॅटलॉग. मग कॅटलॉग तेवढा नवा करायचा. लिंक मोडमध्ये तर फायलींची नक्कलही होत नाही, त्यामुळे काम मिनिटांत उरकतं. पण नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुना कायमचा हातचा जातो. या गोष्टीकडे त्या काळात आपण पुरेशा गांभीर्याने पाहिलं नाही, असं मला वाटतं. सगळी चर्चा मिनिटांची होती, परतीच्या वाटेची नव्हती.

स्ट्रीमिंग रेप्लिकेशनही ९.०मध्येच आलं. किरकोळ आवृत्तीसाठी आधी स्टँडबाय, मग स्विचओव्हर, मग जुना प्रायमरी, असं एकेक नोड उरकता येऊ लागलं. मोठ्या आवृत्तीला मात्र हा क्रम चालेना. प्रायमरी आणि स्टँडबाय एकाच मोठ्या आवृत्तीचे लागतात, त्यामुळे अख्खं क्लस्टर एकदमच हलवावं लागायचं.

ही कोंडी फोडली २०१७मधल्या दहाव्या आवृत्तीतल्या लॉजिकल रेप्लिकेशनने. डिस्कवरचे बाइट नव्हे, तर ओळींमधले बदल पाठवायचे, म्हणजे दोन टोकांना वेगळ्या आवृत्त्या चालतात. नवं क्लस्टर शेजारी उभं करायचं, डेटा भरू द्यायचा, चाचण्या सावकाश घ्यायच्या. शेवटी कनेक्शन पूलर पीजीबाउन्सरला पॉझ द्यायचा, मागे राहिलेले बदल पोचले याची खात्री करायची, सिक्वेन्स पुढे सरकवायचे, पत्ता बदलायचा, रिझ्यूम. वापरणाऱ्याला काही सेकंद पान अडकल्यासारखं वाटतं, एवढंच. यात सिक्वेन्स विसरले तर घात होतो: लॉजिकल रेप्लिकेशन ते नेत नाही, आणि नव्या सर्व्हरवरच्या पहिल्याच नोंदीला आधीच वापरलेला क्रमांक मिळून डुप्लिकेट कीची एरर येते.

त्याच सुमारास, २०१८मध्ये, लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या, जीलिबसीच्या, २.२८ आवृत्तीने अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. जुनी डेटा डिरेक्टरी नव्या लिनक्सवर तशीच उचलून ठेवली, तर मजकुरावरचे इंडेक्स गुपचूप चुकू लागत. असलेली नोंद सापडत नसे. लॉजिकल रेप्लिकेशनने गेलेल्यांचे इंडेक्स नव्याने बांधले गेल्यामुळे ते यातून वाचले.

२०२५च्या अठराव्या आवृत्तीत पीजी_अपग्रेड प्लॅनरची बहुतेक आकडेवारी सोबत नेऊ लागलं. त्याआधी सर्व्हर सुरू होई, पण ॲनलाइझ होईपर्यंत क्वेऱ्या रखडत, आणि तो वेळ डाउनटाइममध्ये कुणी धरत नसे. याच आवृत्तीतला स्वॅप मोड लिंकहूनही वेगवान असू शकतो, पण त्यात फायली हलायला लागल्या की जुनं क्लस्टर संपलंच. म्हणून पैशांचे व्यवहार चालणाऱ्या डेटाबेसला मी आजही लॉजिकलच सुचवतो, आणि स्विचओव्हरनंतर नव्याकडून जुन्याकडे उलटं सबस्क्रिप्शन निदान आठवडाभर चालू ठेवायला सांगतो.