कोकण रेल्वेचे भांडवल
दशकानुदशके मागणीच्या अर्जांतच राहिलेल्या या मार्गासाठी 1990 साली महामंडळ स्थापन झाले, तेव्हा केंद्राने 51, महाराष्ट्राने 22, कर्नाटकाने 15 आणि गोवा व केरळ यांनी प्रत्येकी 6 टक्के भागभांडवलाचा वाटा उचलला. प्रकल्पखर्चाची उर्वरित रक्कम मुख्यत्वे कर्जरोख्यांतून उभी राहिली. 1998 च्या 26 जानेवारीस रोहा ते ठोकूर अशी सुमारे 740 किलोमीटरची वाहतूक सुरू झाली.

केवळ महसुलाच्या ताळेबंदाने अग्रक्रम ठरविणाऱ्यांनी चतुर्थीच्या आदल्या पहाटे कणकवलीच्या फलाटावर उभे राहावे. डोक्यावर मखराची गठडी आणि कडेवर निजलेले मूल घेऊन उतरणाऱ्या चाकरमान्याचा लाभ कोणत्या रकान्यात मांडावा? 2021 मध्ये रोहा ते वीर हा 46 किलोमीटरचा टप्पा दुहेरी झाला; वीरच्या पुढे कणकवलीपर्यंत मात्र एकेरी रूळ, आणि समोरची गाडी येईपर्यंत क्रॉसिंगला ताटकळणे.