आईचे दूध: थेंबाभोवतीचे वेष्टन

लोणी काढायला आपण दही का घुसळतो? दुधातील स्निग्धांश मोकळा तरंगत नसतो. त्याचे असंख्य बारीक थेंब असतात आणि प्रत्येक थेंबाभोवती पातळ वेष्टन असते. घुसळल्याने ते फाटते, थेंब एकमेकांना चिकटतात आणि लोणी वर येते. फाटलेले वेष्टन बरेचसे ताकात उरते.

आईच्या दुधाचीही घडण हीच. दूध बनवणाऱ्या पेशीत चरबीचा थेंब तयार होतो, सरकत पृष्ठभागाशी येतो आणि पेशीचे स्वतःचे आवरण अंगाभोवती लपेटून बाहेर पडतो. १९५९ साली बार्गमान आणि क्नूप या जर्मन संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहून याचे वर्णन केले. पेशी आपले पांघरूणच बाळाला देते म्हणा ना!

मग पेशीचे आवरण संपत कसे नाही? दुधातील प्रथिने आणि साखर सूक्ष्म पिशव्यांतून बाहेर येतात. पिशवी रिकामी झाली की तिचे कातडे पेशीच्या आवरणाला जोडले जाते. एका वाटेने गेलेले दुसऱ्या वाटेने भरून निघते. सुबहानल्लाह!

या स्निग्धांशाचा काही भाग आईच्या ताटातून येतो. आचऱ्याच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या तारली-बांगड्यात ओमेगा-३ स्निग्धाम्ले भरपूर असतात. ती दुधात उतरतात आणि बाळाच्या मेंदूच्या व डोळ्यांच्या पेशींची आवरणे घडवतात. तरीही काही घरांत बाळंतिणीला चाळीस दिवस मासळी बंद असते. ॲलर्जी नसेल आणि डॉक्टरांची मनाई नसेल, तर ताज्या, नीट शिजवलेल्या लहान मासळीला घाबरण्याचे कारण नाही.

त्याहून मोठे नुकसान होते ते पहिले पिवळसर दूध पिळून टाकल्याने. 'ते जड असते, बाधते' असे वडीलधाऱ्या बायका मायेपोटीच सांगतात. पण रोगांशी लढणारी द्रव्ये त्याच दुधात सर्वाधिक असतात. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे. पहिले सहा महिने आईचे दूधच पुरे. पाणी, घुटी नको. मध तर वर्षाच्या आत देऊच नये. दूध पाजताना शेवटी शेवटी स्निग्धांश वाढतो, म्हणून एका बाजूचे दूध बाळाला पोटभर पिऊ द्यावे.

सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूधपानाची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे आणि त्या काळातील आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर ठेवली आहे. म्हणून आम्ही घरातल्या पुरुषांनाही सांगतो: बाळंतिणीचे ताट आधी भरा.