जोडचित्राची शिवण आणि शिलालेखाचा पाठ

नाणेघाटाच्या माथ्यावर कॅमेरा घेऊन जाणाऱ्या अभ्यासकापुढे दोन निरनिराळे प्रश्न उभे राहतात. बाहेर कोकणाच्या बाजूचे विस्तीर्ण दृश्य असते, तर लेण्यात शिरल्यावर डाव्या व उजव्या भिंतींवर सातवाहन राणीचा प्राकृत लेख ब्राह्मी लिपीत कोरलेला दिसतो. यांपैकी एकही गोष्ट एका छायाचित्रात पुरेशा बारकाव्यासह मावत नाही. म्हणून तुकड्यातुकड्यांनी छायाचित्रे घेऊन ती संगणकावर सांधण्याचा मार्ग पत्करावा लागतो. अशा संयुक्त चित्राला आपण ‘जोडचित्र’ म्हणू. देखावा आणि लेख यांसाठी जोडचित्राची कृती एकच असली, तरी तिच्या अटी भिन्न आहेत. हा भेद ध्यानात न घेतल्यास देखाव्याचे फारसे बिघडत नाही. लेखाचा मात्र पाठच बदलण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात या भेदाचे विवेचन करावयाचे आहे.

प्रथम संगणक काय करतो ते पाहू. शेजारच्या दोन छायाचित्रांत काही भाग सामाईक असावा लागतो. त्या भागातील कोपरे, डाग, भेगा अशा ठळक जागा सॉफ्टवेअर शोधून काढते व त्यांच्या जोड्या लावते. आकार व कोन थोडे बदलले तरी अशा जागा ओळखण्याची एक प्रभावी रीत डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये मांडली. जोड्यांपैकी काही चुकीच्या असतातच. म्हणून बहुसंख्य जोड्यांशी सुसंगत असे रूपांतर शोधून विसंगत जोड्या वगळल्या जातात. ही युक्ती फिशलर व बोल्स यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली होती. नंतर चित्रे एका पृष्ठावर आणून त्यांच्या कडा एकमेकींत विरघळवल्या जातात. ‘ह्यूजिन’सारखे विनामूल्य सॉफ्टवेअर हे सारे करते.

आता अटींकडे वळू. नाकासमोर बोट धरून एकदा डावा व एकदा उजवा डोळा मिटावा; पाठीमागच्या भिंतीच्या संदर्भात बोट सरकल्यासारखे वाटते. यालाच पराशय म्हणतात. कॅमेऱ्याची जागा बदलली की जवळच्या व दूरच्या वस्तूंचा परस्परसंबंध असाच बदलतो, आणि मग कोणत्याही गणिताने दोन चित्रे पूर्णपणे जुळत नाहीत. हा दोष टाळण्यासाठी कॅमेरा एका विशिष्ट बिंदूभोवती फिरवावा लागतो. भिंगाकडे समोरून पाहिले असता आतील छिद्र जेथे असल्यासारखे दिसते, तोच हा बिंदू होय. तो कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या ट्रायपॉडच्या स्क्रूवर बहुधा येत नाही. दृश्य दूरचे असून जवळ काहीच नसेल, तर ही चूक नगण्य ठरते. म्हणूनच घाटमाथ्यावरून हातात कॅमेरा धरून घेतलेली चित्रेही सुरेख जुळतात.

भिंतीचा न्याय निराळा आहे. विषय पूर्णपणे सपाट असेल, तर कॅमेरा कोठूनही धरला तरी त्याची दोन चित्रे एका रूपांतराने परस्परांशी जुळवता येतात. भिंगाची वक्रता आधी दुरुस्त केली असल्यास आणि त्यांतील कोणतेही तीन एका रेषेत नसल्यास, चार सामाईक बिंदू या कामी पुरतात. त्यामुळे भिंतीपुढे कॅमेरा फिरवत न बसता तिला समांतर सरकवणे इष्ट. एकाच जागी उभे राहून कॅमेरा फिरवला, तर भिंतीची टोके दूर पडतात व तेथील अक्षरे लहान येतात. चित्र सपाट करताना ती ताणली जातात, पण हरवलेला बारकावा परत येत नाही.

तथापि, लेण्याची भिंत भूमितीतील प्रतल नव्हे. तिला उंचवटे आहेत, खपल्या गेल्या आहेत. जेथे पृष्ठभाग खोल-उथळ आहे, तेथे कॅमेरा सरकताच पराशय पुन्हा डोके वर काढतो. सांध्यावर दोन चित्रे किंचित वरखाली बसली आणि संगणकाने ती एकमेकींत विरघळवली, म्हणजे एका रेघेच्या दोन रेघा होतात. प्रस्तुत लेखकाचा पहिला प्रयत्न याच दोषाने फसला; आणि दोष ध्यानात आला तो मूळ छायाचित्र शेजारी ठेवल्यावरच.

ब्राह्मीत एका रेघेचे मोल किती असते, हे येथे सांगितले पाहिजे. या लिपीत १ हा अंक म्हणजे एक आडवी रेघ, तर २ म्हणजे दोन. १०० च्या चिन्हाला एक रेघ जोडली की २०० होतात. ऱ्हस्व इकार व दीर्घ ईकार यांतील भेदही एका जादा रेघेचाच. नाणेघाटाचा लेख तर यज्ञांत दिलेल्या दक्षिणांच्या आकड्यांसाठीच विशेष प्रसिद्ध आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात या अंकांचा अभ्यास केला, आणि गेओर्ग ब्यूलर यांनी १८८३ मध्ये लेखाचा पाठ प्रसिद्ध केला. अशा लेखात सांध्यावर रेघ दुणावणे म्हणजे दानाचा आकडा बदलणे होय. शिवाय ‘दखिना’सारखे शब्द येथे वारंवार येतात. पोथीची नक्कल करणाऱ्याची दृष्टी जशी सारख्या शब्दावरून पुढच्या ओळीवर उडी मारते, तशीच चूक सामाईक भाग अपुरा असल्यास संगणकाकडूनही संभवते.

यावरून कार्यपद्धती ठरते. कॅमेरा भिंतीला काटकोनात व समान अंतरावर ठेवून सरकवावा. देखाव्याला एकतृतीयांश सामाईक भाग पुरतो. लेखासाठी तो निम्म्याहून अधिक असावा, म्हणजे प्रत्येक अक्षर निदान एका चित्राच्या मध्यभागी येते. एक्स्पोजर, फोकस व व्हाइट बॅलन्स पहिल्या चित्राला ठरवून पुढे बदलू नयेत. कोरीव अक्षरे उठून दिसण्यासाठी प्रकाश बाजूने तिरकस पडावा, परंतु त्याची दिशा सर्वत्र एकच असावी. अन्यथा संगणक दगडाऐवजी सावल्या जुळवू लागतो. भिंतीला न चिकटवता मोजपट्टी चौकटीत ठेवावी. चित्रे दोनदोन करून जोडत गेल्यास प्रत्येक सांध्याची लहान चूक साचत जाते व सरळ ओळ वाकते. म्हणून सर्व चित्रांचे समायोजन एकदम करावे. शिवण अक्षरावरून न नेता दोन अक्षरांमधील मोकळ्या दगडातून न्यावी.

पूर्वी मोठ्या लेखाचे ठसे घेतानाही कागदाचे अनेक ताव जोडावे लागत. परंतु त्या कागदांची कड दिसे, आणि वाचणारा तेथे सावध होई. संगणकाची शिवण दिसत नाही, हेच तिचे कौशल्य आणि हाच तिचा धोका. जोडचित्र हे पुराव्याचे संपादन आहे. आणि संपादकाने आपण कोठे हात घातला हे सांगावे, असा आपल्या शास्त्राचा दंडक आहे. म्हणून जोडचित्राबरोबर मूळ छायाचित्रे अनुक्रमाने जतन करावीत, शिवणींचा नकाशा जोडावा, आणि शंकास्थानी वाचन मूळ चित्रावरूनच करावे. देखाव्यात एखादे झाड दोनदा उमटले, तर कोणाचे नुकसान होत नाही. शिलालेखात एक रेघ दोनदा उमटली, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्याच्या नावावर त्याने न दिलेले दान चढते.