परत येणाऱ्यांचे घर

शिक्षण संपवून, नोकरी धरून घराबाहेर पडलेले मूल चार-पाच वर्षांनी सामानासकट आईवडिलांच्या दारात परत येते, तेव्हा समाजाकडे त्या घटनेसाठी एकच शब्द तयार असतो: अपयश. नोकरी गेलेली असो, छोटासा धंदा बुडालेला असो, स्पर्धा परीक्षांच्या मागे उमेदीची वर्षे खर्ची पडलेली असोत किंवा संसार मोडलेला असो, निकाल ठरलेला असतो. भांडुपसारख्या उपनगरात ही परती चाळीच्या सामाईक गॅलरीतून होते. त्यामुळे ती झाकून ठेवण्याची सोयही नसते. 'सुट्टीवर आलास वाटतं?' हा प्रश्न पहिल्या आठवड्यात आपुलकीने विचारला जातो. महिन्याभराने तोच प्रश्न टोचू लागतो आणि घरातली माणसे गॅलरीत उभी राहण्याचे टाळू लागतात.

या लाजेला आधार किती आहे, हे तपासून पाहिले पाहिजे. कारण ज्या मुंबईने या तरुणाला वाढविले, ती मुंबईच मुळी परतीच्या वाटेवर उभी राहिलेली आहे.

गावाने पोसलेले शहर

1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि लाखो माणसे शहर सोडून गावाकडे गेली. 1928 साली कापड गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला. इतका प्रदीर्घ संप कामगारांना झेपला याचे एक कारण असे, की रत्नागिरी, सातारा या भागांत त्यांची घरे होती आणि त्या घरांत चूल पेटत होती. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हाही हेच घडले. बिऱ्हाडे मोडून कितीतरी तरुण कामगार आईवडिलांच्या घरी गेले. त्यांतले अनेक पुन्हा गिरणीच्या फाटकात शिरले नाहीत.

इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवर्गावरील 1994 सालच्या आपल्या ग्रंथात याच नात्याचा अर्थ उलगडला आहे. कामगार गावाशी संबंध ठेवून होता तो मागासलेपणामुळे नव्हे; बेकारी, आजारपण आणि संप यांच्या काळात टिकून राहण्याचा तो त्याचा विचारपूर्वक मार्ग होता, असे त्यांचे प्रतिपादन आहे. 1931 साली अहवाल देणाऱ्या व्हिटले आयोगानेही कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडू नये, असाच सल्ला दिला होता. त्या सल्ल्यात मालकवर्गाची सोय दडलेली होती, हे निराळे सांगायला नको. काम असेल तेव्हा कामगार शहराचा आणि काम नसेल तेव्हा गावाचा, ही वाटणी कारखानदाराला स्वस्तात पडत होती. मुंबईची मनीऑर्डर कोकणात जात असे, हे सर्वांना ठाऊक आहे. कोकणातले घर मुंबईच्या गिरण्यांना बेकारीचा विमा फुकट पुरवीत होते, याची नोंद मात्र कोणत्याही ताळेबंदात झाली नाही.

आता भांडुप हेच गाव

मुंबई उपनगराच्या औद्योगिक पट्ट्यात भांडुपचे स्थान महत्त्वाचे होते. जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने स्वातंत्र्यानंतर कारखाने उभे राहिले. सिएटचा टायर कारखाना, एशियन पेंट्सचा रंगांचा कारखाना, गेस्ट कीन विल्यम्स ही नावे येथील कितीतरी घरांच्या ताटाशी जोडलेली आहेत. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे टेंभीपाडा, सोनापूर, तुळशेतपाडा या भागांत, डोंगराच्या अंगावर वस्ती करून राहिली. एका वस्तीचे तर नावच कोकण नगर आहे. पुढे कारखानदारी ओसरली. एशियन पेंट्सच्या भांडुपच्या कारखान्यातील रंगांचे उत्पादन 2014 साली थांबले.

या कामगारांची मुले भांडुपमध्येच जन्मली. त्यांच्या दृष्टीने कोकणातले घर गणपतीचे घर आहे. चार भावांच्या सामाईक मालकीचे, एरवी कुलूपबंद. पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या नोकरीवरून, आखातातल्या कंत्राटावरून जेव्हा त्यांना माघारी फिरावे लागते, तेव्हा ती भांडुप स्टेशनावर उतरतात. एका पिढीच्या अवधीत गावाची जागा उपनगरातल्या खोलीने घेतली आहे. वडिलांना 1982 मध्ये आजीने जे दिले, ते आता मुलाला आईने द्यावयाचे आहे.

2020 साली हे मोठ्या प्रमाणावर दिसले. मार्चअखेर टाळेबंदी लागू झाली आणि एप्रिल ते जून या तिमाहीत देशातील शहरी बेरोजगारीचा दर, सरकारच्याच श्रमबल पाहणीनुसार, 20 टक्क्यांच्या वर गेला. हे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये अमेरिकेतील 18 ते 29 वयोगटातले निम्म्याहून अधिक तरुण आईवडिलांकडे राहत असल्याचे प्यू संशोधन केंद्राने दाखवून दिले. इतक्या साऱ्यांचे कर्तृत्व एकाच उन्हाळ्यात आटले, असे कोणी म्हणणार आहे काय?

मात्र गावाची जागा घेणाऱ्या या खोलीला गावाचा ऐसपैसपणा नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील मोफत घर आरंभी 225 चौरस फुटांचे होते, नंतर 269 आणि अलीकडे 300 चौरस फुटांचे झाले. गावच्या घरी आलेल्या जादा माणसाला निजायला पडवी असे आणि हाताला शेतीचे काम असे. लावणीच्या दिवसांत तर त्याचे येणे उपयोगीच पडे. भांडुपच्या खोलीत त्याला करण्यासारखे काही नसते. तो दिवसभर घरात बसला तर डोळ्यांवर येतो आणि बाहेर पडला तर कोठे जावे हे त्याला समजत नाही. वडिलांचा आणि मुलाचा अबोला तीनशे फुटांत फार मोठा होतो.

हप्ता कोण भरते?

विमा म्हटला की हप्ता आला. या विम्याचा हप्ता कोण भरते?

पहिला हप्ता वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून जातो. 1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत 2014 साली किमान मासिक रक्कम 1,000 रुपये ठरविण्यात आली. त्याच वर्षी ठरलेल्या 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेवर पस्तीस वर्षांची नोकरी धरली तरी हिशेब साडेसात हजारांच्या आसपास थांबतो. ही रक्कम दोन म्हाताऱ्या माणसांच्या औषधपाण्याला पुरणे कठीण. तिच्यात आता तिसरा वाटेकरी येतो. ग्रॅच्युइटीची जी ठेव आजारपणासाठी राखलेली असते, ती मुलाच्या कर्जाचे थकलेले हप्ते फेडण्यासाठी मोडली जाते.

दुसरा हप्ता आईच्या श्रमांचा. तो कोणी मोजत नाही. 2019 सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी 299 मिनिटे, तर पुरुषांचा 97 मिनिटे वेळ जात असल्याचे आढळले. परतलेल्या मुलाचा डबा, कपडे, त्याच्या रात्रीच्या जागरणाची काळजी हे सारे या 299 मिनिटांतच भर घालते.

आणि शासनाचा वाटा? ब्रिटनने 1911 साली काही उद्योगांपुरता का होईना, बेकारीचा विमा कायद्याने आणला. आपला राज्य विमा कायदा 1948 चा; त्यात आजारपण, बाळंतपण, अपघात यांचा विचार झाला, बेकारीचा नाही. 2018 साली त्याच विम्याच्या छत्राखाली अटल योजना आली आणि 2020 मध्ये तिचा भत्ता सरासरी वेतनाच्या निम्म्यापर्यंत वाढला. परंतु तोही आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त 90 दिवस आणि केवळ विमाधारक कामगाराला. 2017 साली या विम्याची वेतनमर्यादा 21,000 रुपये करण्यात आली. तिच्या वर पगार असलेला कारकून आणि तिच्या खाली असूनही नोंदणी नसलेला दुकानातला पोऱ्या, दोघेही बाहेर राहिले. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून पंधरा दिवसांच्या वेतनाइतक्या निधीची तरतूद आहे. पंधरा दिवसांत कोणते नवे आयुष्य उभे राहते? शिवाय मुदतीच्या नोकरीची मुदत संपली, तर कायद्याच्या भाषेत ती कपातच नव्हे.

मुलाचा हक्क, मुलीचे उपकार

परतणारी मुलगी असली, की हा प्रश्न अधिक अवघड होतो. रूढी सांगते, मुलगा आपल्या घरी आला. मुलगी माहेरी आली. एक हक्काने येतो आणि दुसरी पाहुणी ठरते. गंमत अशी की 1956 च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यानुसार सज्ञान झालेल्या मुलाला पोसण्याचे बंधन आईवडिलांवर नाही. स्वतःच्या मिळकतीवर निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीच्या बाबतीत मात्र आहे. विवाहित मुलीने पोटगी मागायची ती नवऱ्याकडे. वडिलांच्या पश्चात राहत्या घरात विवाहित मुलीला राहण्याचा हक्क 2005 पर्यंत बेतानेच होता: ती विधवा, परित्यक्ता किंवा नवऱ्यापासून विभक्त असली तरच. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते कलम गेले. कायदा बदलला, तरी भांडुपच्या खोलीत मोडलेल्या संसारातून आलेल्या मुलीला भावाच्या लग्नाची अडचण म्हणून पाहणारी नजर बदललेली नाही.

काय करावे?

घराने करावयाची गोष्ट साधी आहे, सोपी मात्र नाही. परतलेल्या मुलाशी पैशांबद्दल मोकळेपणाने बोलावे. कर्ज किती, शिल्लक किती, वडिलांच्या ठेवीतले किती वापरायचे आणि किती हात न लावता ठेवायचे, हे पहिल्या पंधरवड्यातच ठरावे. मुलाने मिळेल ते काम धरावे की आपल्या विषयातल्या कामासाठी थांबावे, याला मुदत असावी आणि ती त्याने स्वतः घालून घ्यावी. घरकामाचा वाटा त्याने उचलावा; त्यात उपकाराची फेड आहे आणि रिकाम्या दिवसाला आकारही आहे. शेजाऱ्यांना द्यायचे उत्तर एकच असावे, ते खरे असावे: 'नोकरी गेली आहे, दुसरी शोधतो आहे.' लपविण्यात जितकी शक्ती जाते, तितकी शोधण्यात गेली तर बरे.

शासनाने करावयाची गोष्ट अधिक मोठी आहे. दुष्काळाच्या छायेत, 1972 साली, महाराष्ट्राने रोजगार हमी योजना सुरू केली आणि मागेल त्याला काम हे तत्त्व देशाला दिले. 2005 साली केंद्राने त्यावरच देशव्यापी कायदा केला. ते तत्त्व ग्रामीण भागाच्या वेशीवर थांबले, कारण शहरात आलेल्या माणसाला मागे गाव आहे, असे गृहीत धरले गेले. ते गृहीतक आता उरलेले नाही. केरळने 2010 मध्ये आणि राजस्थानने 2022 मध्ये शहरी रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला. ज्या राज्याने मूळ कल्पना दिली, त्याने मागे राहण्याचे कारण नाही. सुशिक्षित तरुणाला महापालिकेच्या शाळा, दवाखाने, वाचनालये यांत सहा महिन्यांचे काम मिळाले, तर त्याच्या बायोडेटात खंड पडणार नाही आणि वडिलांची ठेवही मोडणार नाही.

कुटुंब आपल्या माणसाला दार बंद करीत नाही, ही आपल्या समाजाची मोठी मिळकत आहे. पण म्हणूनच तिच्यावर सारा भार टाकून शासनाने आणि मालकांनी निर्धास्त राहावे, हे न्यायाचे नव्हे. मुलगा घरी परत आला यात लाज वाटण्यासारखे काही नाही. त्याला सावरण्यासाठी एका निवृत्त कामगाराची हजार-दोन हजारांची पेन्शन आणि त्याच्या पत्नीचे कष्ट यांपलीकडे या श्रीमंत शहरापाशी काही नसावे, लाज वाटायची असेल तर ती याची वाटावी.