लँकेस्टरचे महाद्वार : नाव आणि पुरावा

इंग्लंडमधील लँकेस्टर नगराच्या किल्ल्याचे महाद्वार ‘जॉन ऑफ गाँटचे द्वार’ म्हणून ओळखले जाते. असे रूढ नाव स्थानिक इतिहासाचा पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

जॉन हा राजा तिसरा एडवर्ड याचा पुत्र. त्याचा जन्म १३४० मध्ये फ्लँडर्समधील गेंट येथे झाला. ‘गाँट’ हे त्या नगरनामाचेच इंग्रजी रूप होय. १३५९ मध्ये लँकेस्टर घराण्यातील ब्लांश हिच्याशी त्याचा विवाह झाला व तिच्या वारशामुळे १३६२ मध्ये तो लँकेस्टरचा ड्यूक झाला. १३७७ मध्ये त्या परगण्यात स्वतःचे न्यायाधीश नेमण्याचा अधिकारही त्यास लाभला. तथापि लँकेस्टर नगरात त्याचे वास्तव्य क्वचितच घडे. १३९९ मध्ये त्याचे निधन झाले, तेही लेस्टर येथे.

ते महाद्वार बांधविले त्याचा पुत्र चौथा हेन्री याने, राजपद मिळाल्यानंतर. द्वारावरील ड्यूकचा पुतळा तर एकोणिसाव्या शतकातील आहे.

मग पुत्राची वास्तू पित्याच्या नावे का रूढ व्हावी? हेन्री सर्व इंग्लंडचा राजा ठरला. ड्यूक मात्र पदवीनेच लँकेस्टरचा होता. लोकस्मृतीने आपला मानला तो ड्यूक, असे अनुमान करता येते. तात्पर्य, असे नाव वास्तूचा काल सांगत नाही. नगराने कोणाचे स्मरण जपले, एवढेच सांगते. अभ्यासकाने हे दोन पुरावे एक मानू नयेत.